बोक्याचं हाड आणि माझे शुक्रवार

सर्वांना अत्यंत गांभीर्यपूर्वक कळवण्यात येते की, डोंबिवली पूर्वेतल्या एका चार मजली, लिफ्ट नसलेल्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या एका बोक्याची मागची उजवी नडगी मोडली. या घटनेची दखल कोणत्याही सरकारने घेतली नाही. नळाचं पाणी त्याही दिवशी नेहमीसारखं आलं आणि नेहमीसारखं मी केसांना शिकेकाई लावल्यावर गेलं. परंतु या एका हाडापायी दोन प्रौढ, सुशिक्षित, दर चैत्रात एकमेकींच्या हातावर कैरीची डाळ ठेवणाऱ्या बायकांपैकी एक बाई कित्येक आठवडे मत्सराने करपत राहिली. त्या बाईला मी फार जवळून ओळखते. सकाळी तिची वेणी मीच घालते.

बोका आमचा. हे वाक्य मी मुद्दाम आधीच लिहून टाकते आहे, म्हणजे पुढे काहीही झालं तरी ते छापलेलं राहील. आमच्या बाल्कनीत, धुवायच्या कपड्यांच्या टोपलीत तो मला सापडला तेव्हा माझ्या तळहातावर मावत होता. कापसाच्या बोळ्याने दूध मी पाजलं. पहिला उंदीर त्याने माझ्याच उशीवर आणून ठेवला. यापेक्षा मोठा पुरावा कोणत्या कोर्टात लागतो?

पण आमच्या घरात एक उणीव आहे. आम्ही मूळचे साताऱ्याकडचे, पक्के शाकाहारी. घरात अंडंसुद्धा येत नाही. आणि समोरच्या दारात राहतात त्या ताई मालवणच्या. ताई माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठ्या, बँकेतून निवृत्त, एकट्या, शांत, आणि आठवड्यातून तीनदा मासे करणाऱ्या. बुधवार, शुक्रवार, रविवार. आमची आणि त्यांची स्वयंपाकघरं एकाच डक्टवर समोरासमोर उघडतात. त्यांच्याकडे तव्यावर बांगडा पडला की आमच्याकडे बोक्याचे कान उभे राहत. माझा दहीभात तसाच सोडून तो आमच्या खिडकीच्या जाळीवर चढे, मधल्या पाइपांवर एक पाय टेके आणि पलीकडे त्यांच्या ओट्यावर उतरे. अगदी नटासारखा. मी हातात ताटली घेऊन इकडे उभी. दहीभाताने बांगड्याशी टक्कर द्यायची कशी, सांगा ना कुणीतरी.

माझ्याकडे त्याला एक नाव होतं, ताईंकडे दुसरं. दोन्ही इथे देत नाही. एक दिलं तर दुसरीवर अन्याय होईल. शिवाय त्यांनी ठेवलेल्या नावाला तो जास्त चटकन ओ द्यायचा, हे मला कुणाला कळू द्यायचं नाही.

तर एका संध्याकाळी असाच बांगडा तव्यावर पडला. बोका निघाला. मधल्या पाइपावर एक कबुतर बसलं होतं, ते फडफडलं, आणि आमचा नट रंगभूमीवरून थेट खाली डक्टच्या तळाशी गेला. नीट लक्षात घ्या, तो माझ्याकडून ताईंकडे जाताना पडला. ताईंकडून माझ्याकडे येताना तो कधीच पडला नसता, कारण परत येताना पोट भरलेलं असे आणि स्वारी पॅसेजमधून चालत येई. मला मनातून वाटत होतं, ताईंनी निदान एकदा म्हणावं, "तुझी खिडकी उघडी होती." म्हणजे मला ताडकन म्हणता आलं असतं, "तुमचा तवा उघडा होता." पण नाही. ताई काही म्हणाल्याच नाहीत. त्यांचा स्वभावच मुळी चांगला. माझ्या दुःखाचं मूळ हेच आहे.

ठाण्याला घोडबंदर रोडवर एक तरुण डॉक्टरीणबाई आहेत, प्राण्यांची हाडं बघतात. त्यांनी ऑपरेशन केलं, नडगीत सळई घातली आणि बोक्याला पिंजऱ्यात विश्रांती सांगितली. काही आठवड्यांनी पुन्हा एक्स-रे काढला तर मोडलेल्या हाडाची दोन टोकं जशीच्या तशी. एकमेकांसमोर उभी, पण बोलणं बंद. जसे आमच्या पहिल्या मजल्यावरचे दोन भाऊ.

"काकू, या जागी रक्ताचा पुरवठा मुळातच कमी असतो," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. त्या आम्हा दोघींनाही काकूच म्हणत, त्यामुळे त्या नक्की कोणत्या काकूशी बोलताहेत याकडे मी डोळ्यांत तेल घालून बघत असे. "अजून एक उपाय आहे. पायाभोवती अशी कडी ठेवायची, तिच्यातून विजेचे अगदी हलके ठोके जातात आणि चुंबकासारखं क्षेत्र तयार होतं. हाडावर भार पडला की हाड स्वतःसुद्धा थोडीशी वीज तयार करतं, त्यावरून पेशींना कळतं की इथे काम काढायचंय. इथे त्या पेशी जरा झोपल्यात. आपण दार वाजवायचं."

"दुखेल का हो?" ताईंनी विचारलं.

"काहीच कळत नाही त्याला. फक्त शांत पडून राहायला हवं. रोज सकाळ-संध्याकाळ, एकही दिवस न चुकवता. हमखास जुळेलच असं मी सांगत नाही, काही जनावरांत फायदा होतो, काहींत नाही."

"आणि नाही झाला तर?" हे मी विचारलं.

त्या म्हणाल्या, "तर पाय काढावा लागेल. तीन पायांवर मांजरं छान जगतात, काकू."

छान जगतात! जाळीवरून पाइपावर, पाइपावरून ओट्यावर? माझ्या डोळ्यांसमोर तो बोका आला, ओट्याकडे मान वर करून बघणारा. मी नाक पुसलं. बाजूला बघते तर ताईंनी माझ्याआधीच पुसलं होतं. तिथेही दुसरा नंबर.

आता प्रश्न आला, यंत्र आणि पिंजरा ठेवायचा कुणाकडे? मी एमआयडीसीत एका रंगाच्या कारखान्यात तपासणीच्या कामाला आहे. डब्यातला पिवळा हा कालच्याच पिवळ्यासारखा आहे की नाही ते बघणं, हे माझं काम. सकाळी जाते ती संध्याकाळी येते. आमचे हे ठाण्याला ऑफिसात. ताई दिवसभर घरी. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "घरी कोण असतं?" आणि मी काही बोलायच्या आत उत्तर सगळ्यांना दिसत होतं. ते ताईंच्या मांडीवर बसलं होतं.

रिक्षातून उतरताना ताईंनी माझ्या पाठीवर हात ठेवला. "तुझाच आहे गं तो. माझ्याकडे फक्त राहील."

हे वाक्य नीट लक्षात ठेवा. ते ताईंचं आवडतं वाक्य होतं. कुणी त्यांच्या देखत बोक्याचं कौतुक केलं की त्या लगेच माझ्याकडे बोट दाखवून म्हणत, "हिचाच आहे तो." एखादीने भांडावं, हक्क सांगावा, म्हणजे आपल्यालाही पदर खोचता येतो. पण समोरची बाई जर आपली वस्तू आपल्यालाच बहाल करून वर ती स्वतःच्या घरात ठेवत असेल, तर माणसाने करायचं काय?

यंत्र अगदीच साधं निघालं. डोक्यावर हंडा घेताना खाली ठेवायची चुंबळ असते ना, तेवढी पांढरी कडी. तिला एक वायर, वायरीच्या टोकाला साबणाच्या डबीएवढी पेटी आणि त्यावर हिरवा दिवा. आवाज नाही, ऊब नाही. मला वाटलं होतं, विजेचं म्हणजे निदान थोडी घरघर तरी होईल. ताईंनी आपली जुनी सुती साडी घडी करून जमिनीवर अंथरली, बोक्याला मांडीशी घेतलं, कडी पायाभोवती ठेवली आणि दिवा लावला. तो त्यांच्या मनगटावर हनुवटी टेकून झोपला. माझ्या मनगटावर त्याने आजवर फक्त दात टेकले होते.

आणि मग सुरू झाला दरबार.

हाडं जोडणारं यंत्र आलंय ही बातमी आमच्या इमारतीत पाण्याच्या टँकरच्या बातमीहून जलद पसरली. कारण आमची इमारत जुनी, जिने उंच, आणि लिफ्ट नाही. चाळिशी ओलांडलेला इथला प्रत्येक गुडघा बोलतो. पहिल्या दिवशी तळमजल्यावरच्या आजी "बघून जाते हो जरा" म्हणत आल्या आणि बोक्याच्या शेजारी, कडीला लागून, आपला डावा गुडघा ठेवून बसल्या. दुसऱ्या दिवशी त्यांची सून कोपर घेऊन आली. मी संध्याकाळी कामावरून येऊन डोकावले तर ताईंच्या हॉलमध्ये बोका मधोमध आणि त्याच्याभोवती गोल करून पाच-सहा गुडघे.

"अगं, सरक गं थोडी, माझ्याकडे येतच नाहीये ते."

"आजी, तुमचा कालच झालाय. आज माझा."

"मला तर फरक वाटतोय बाई. काल रात्री कूस बदलली ती कळलीच नाही."

ताईंनी डॉक्टरीणबाईंना फोन लावला आणि स्पीकरवर ठेवला. "काकू, ते माणसांच्या गुडघ्यांसाठी नाहीये," पलीकडून हसू दाबलेला आवाज आला. "आणि कुणाला पेसमेकर असेल तर त्यांना जवळही बसवू नका." चौथ्या मजल्यावरचे आजोबा नुकतेच खुर्ची ओढून स्थिरस्थावर झाले होते. त्यांना हाताला धरून पॅसेजमध्ये नेण्यात आलं. ते रोज तिथूनच, दारातून, "काय, जुळलं का?" असं ओरडून विचारत. बाकीच्यांनी गुडघे मागे घेतले, पण माणसं काही उठली नाहीत. आता ती बोक्यासाठी येत होती. चहा होत होता, शेंगा सोलल्या जात होत्या. पूर्वी या सगळ्या बायका संध्याकाळी माझ्याकडे जमत. मी नकला करते. गणपतीतल्या नाटकात इतकी वर्षं मी खाष्ट सासू केली आहे. माझ्या एका भुवईवर टाळ्या पडतात. आणि आता त्याच बायका एका झोपलेल्या बोक्याकडे टक लावून बसल्या होत्या. त्याची भुवईसुद्धा हलत नव्हती.

आमचे हेसुद्धा त्यातलेच. ऑफिसातून आले की बूट काढायच्या आत, "जरा बोक्याला बघून येतो." आणि येत ते तासाने, वर "आज भूक नाही गं फारशी."

पण देव आहे. आमच्या भागात तो शुक्रवारी असतो.

कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी शुक्रवारी, म्हणून दुरुस्तीसाठी लाइट घालवायचा दिवसही बहुधा शुक्रवारच. सकाळी जाते ती दुपार उलटल्यावर कधीतरी येते. मला सुट्टी, आणि इमारतीत अंधार. पहिल्याच शुक्रवारी सकाळी ताई दारात उभ्या. चेहरा उतरलेला. "अगं, यंत्र लागत नाहीये. डॉक्टर म्हणाल्यात एकही दिवस चुकवायचा नाही."

आता जरा कल्पना करा. मी माझ्या हॉलच्या मध्यभागी उभी. माझ्या डोक्यावर पंखा फिरतोय. फिरतोय, कारण मुलीच्या बारावीच्या वर्षी आम्ही इन्व्हर्टर घेतला होता. मुलगी शिकून पुण्याला गेली, इन्व्हर्टर मागे राहिला. अख्ख्या मजल्यावर एकटा. मी सावकाश वळले, हात पसरले आणि म्हणाले, "आणा त्याला."

पिंजरा पॅसेजमधून आमच्याकडे आणला तेव्हा पुढून ह्यांनी धरला होता, मागून ताईंनी, आणि मी नुसतीच वाट मोकळी करत पुढे चालत होते. ठरलं, दर शुक्रवार माझा. लाइट परत आली तरी "पुन्हा गेली म्हणजे?" असं म्हणून मी त्याला रात्रीपर्यंत सोडत नसे.

फक्त एक गोष्ट मी विसरले होते. शुक्रवार हा ताईंकडे माशांचा वार. पिंजऱ्यात पडलेल्या बोक्याला डक्टमधून सुरमईचा वास येत होता आणि समोर होता माझा दहीभात. त्याने असा काही गळा काढला की खालच्या मजल्यावरून विचारणा झाली. कडी पायाभोवती ठेवली की पाय ओढून घ्यायचा. मी त्याला थोपटलं, गोंजारलं, अंगाई म्हटली. शेवटी ह्यांनी त्याला टॉवेलमध्ये गुंडाळून धरलं आणि कसाबसा वेळ भरला.

"तिकडे असा करत नाही हो तो," हे म्हणाले.

"तुम्ही गप्प बसा."

मी मनाशी म्हटलं, सवय होईल. आणि मग मी एक मोठीच चाल खेळले. चैत्रगौरीचं हळदीकुंकू मुद्दाम शुक्रवारी ठेवलं. म्हणजे गौर माझी, डाळ माझी, पन्हं माझं, आणि मधोमध कडीत पाय घालून बोकाही माझा. सगळी इमारत माझ्या हॉलमध्ये. लाइट त्या दिवशी संध्याकाळपर्यंत आली नाही. अख्ख्या डोंबिवलीत त्याचा आनंद झालेली मी एकटीच असेन.

बायका आल्या. मी गौरीपुढे समई लावली, हिरवी पैठणी नेसून बोक्यापाशी बसले, प्रेक्षकांकडे एकवार बघितलं आणि कडी उचलली.

बोक्याने माझ्या हातावर पंजा ओढला, पैठणीच्या काठात नख अडकवलं आणि पिंजऱ्याच्या कोपऱ्यात जाऊन भिंतीकडे तोंड करून बसला. पाठ करून! नाटकात असं कुणी माझ्यासमोर कधी केलं नाही.

"भुकेलाय वाटतं," कुणीतरी म्हणालं.

"पैठणी टोचत असेल गं त्याला."

"ताई कुठायत? ताईंना बोलवा ना."

ताई आल्या, हातातल्या हळदीकुंकवाच्या पुडीसकट. त्या जमिनीवर बसल्या मात्र, बोका सरपटत त्यांच्या मांडीशी आला, त्यांच्या मनगटावर हनुवटी टेकली आणि डोळे मिटले. कडी ठेवली, दिवा लागला. माझ्या गौरीसमोर, माझ्या इन्व्हर्टरवर! बायकांनी "अगंबाई" असा एक सामुदायिक सुस्कारा सोडला. मी उठून पन्हं वाटायला गेले. त्या दिवशी पन्ह्यात गूळ कमी होता असं नंतर सगळ्याच म्हणाल्या.

जाताना ताई हळूच माझ्यापाशी आल्या. "मनाला लावून घेऊ नकोस. त्याला वासाची सवय झालीय. हा माझा जुना गाऊन देते, धुतलेला नाहीये मुद्दाम. शुक्रवारी त्याच्या खाली अंथर. तुझाच आहे गं तो."

मी गाऊन घेतला. हसून घेतला. कपाटात कोंबून दार लावलं.

पण पुढच्या शुक्रवारपर्यंत माझा राग उतरला आणि भीती चढली. एक्स-रे जवळ येत होता. मला सारखं वाटत होतं, सहा दिवस तिकडे तो शांत झोपतो आणि सातव्या दिवशी माझ्याकडे तंगड्या झाडतो. हाड नाही जुळलं तर ते माझ्या शुक्रवारांमुळे नाही जुळणार. पाय काढताना सगळे माझ्याकडे बघतील. ताई तर बघणारसुद्धा नाहीत, इतक्या त्या चांगल्या आहेत.

मी गाऊन काढला. निळा, फुलाफुलांचा, कोपरावर उसवलेला, आणि त्याला हळद, तळण आणि ताईंच्या केसांचं तेल असा एकत्र वास. तो अंथरला. बोका त्यावर बसला, हुंगलं, वर माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा रडू लागला. त्याला गाऊन कळत होता; त्यात कुणी नाही, हेही कळत होतं.

मग मी जे केलं ते कोणतीही चांगली नटी करेल. पडदे ओढले. साडीवरूनच गाऊन चढवला. ताईंसारखा मागे छोटा अंबाडा घातला. जमिनीवर बसले, मनगट पुढे केलं आणि तोंडातून चकार शब्द काढला नाही.

बोका आला. थांबला. गाऊनच्या बाहीत नाक खुपसलं. आणि हळूहळू, एकेक पाय मुडपून, माझ्या मांडीवर स्थिरावला. हनुवटी माझ्या मनगटावर. मी श्वास रोखून कडी ठेवली, दिवा लावला. काही वेळाने त्याची घरघर सुरू झाली. यंत्राची नव्हे, त्याची. माझ्या पोटापर्यंत येत होती ती. हो, तो गाऊनला टेकला होता, मला माहीत आहे. पण गाऊनमध्ये मी होते.

तेवढ्यात मागून दार वाजलं. त्या दिवशी हे लवकर आले होते. बाहेरच्या उन्हातून आत आलेले, अंधारात फक्त पाठ दिसली असणार.

"अरे वा, ताई! तुम्ही आलात होय. बरं झालं, हिला कुठे जमतंय ते," बूट काढता काढता हे म्हणाले. मग आवाज एकदम खाली आणला. "ही आत आहे का हो? नाही ना? परवाची कालवं काय झाली होती ताई! आणि ती सुरमई! फक्त हिला बोलू नका हं, नाहीतर ती मला डक्टमध्ये टाकेल."

मी सावकाश मान वळवली. रंगमंचावर अशी मान वळवायला मला दिग्दर्शकाने तीन तालमी शिकवलं होतं, ते सार्थकी लागलं. ह्यांच्या हातातला बूट खाली पडला. बोक्याने एक डोळा उघडून ह्यांच्याकडे बघितलं आणि मिटला. त्याचं काही म्हणणं नव्हतं. दोघेही एकाच तव्याचे लाभार्थी.

"हलू नका," मी कुजबुजले. "ओरडायचं आहे तुमच्यावर, पण अजून वेळ भरायचाय."

त्यानंतर प्रत्येक शुक्रवारी मी तो गाऊन घातला. ह्यांनी तोंड बंद ठेवायचं आणि मी कालवांविषयी काही विचारायचं नाही, असा तह झाला. तह माझ्या बाजूने पाळला गेला.

एक्स-रेचा दिवस आला. कॅबमध्ये मागच्या सीटवर एका खिडकीला मी, एका खिडकीला ताई, मध्ये टोपली. घोडबंदर रोडवर गाड्या अशा अडकलेल्या की लोक उतरून वडापाव खाऊन पुन्हा त्याच गाडीत बसत होते. टोपलीच्या झाकणातून माझा एक हात आत, ताईंचा एक हात आत. ड्रायव्हरला आरशातून दिसत होतं.

"मॅडम, मगासपासून बघतोय. नक्की कुणाचं आहे हे मांजर?"

"हिचं," ताई लगेच म्हणाल्या.

झालं! बाहेर ऊन, आणि भर ट्रॅफिकमध्ये मी आतून पेटले. मांजराचा पाय राहतो की जातो याचा निकाल लागायचाय आणि ही बाई त्यातही मोठेपणा घेऊन बसली. त्या क्षणी मी ठरवलं, चांगुलपणात हिला हरवायचंच. क्लिनिकमध्ये निकाल काहीही लागो, मी एक पाऊल पुढे होणार आणि स्वच्छ, खणखणीत आवाजात म्हणणार, "डॉक्टर, याचं सगळं श्रेय ताईंचं आहे." मग एक क्षण थांबायचं. मग "मी फक्त निमित्त." मग नजर खाली. सिग्नल सुटेपर्यंत मी मनात तालीम केली. फक्त एकदा टोपलीत माझा हात ताईंच्या हाताला लागला. तो बर्फासारखा गार होता. मला तेव्हा ते एसीमुळे वाटलं.

डॉक्टरीणबाईंनी पडद्यावर दोन एक्स-रे शेजारी शेजारी लावले. जुना आणि नवा. जवळ गेल्या, लांब गेल्या, काहीतरी मोठं करून बघितलं. मी टोपलीचं हँडल धरून उभी होते. सगळी तालीम विसरले होते. फक्त त्या ओट्याकडे मान वर करून बघणारा बोका पुन्हा पुन्हा दिसत होता. राहू दे चारही पाय, मी मनात म्हणत होते, जाऊ दे त्याला बांगड्याकडे, रोज जाऊ दे.

"हे बघा," त्यांनी बोट ठेवलं. मोडलेल्या जागी, दोन टोकांच्या मध्ये, धुरकट पांढरं काहीतरी होतं. कोमट दुधावर साय धरायला लागते तसं. "हाड धरतंय, काकू. बोलणं सुरू झालंय त्यांचं. पाय काढायचा प्रश्न मिटला."

मी रडले. ताईही रडल्या. डॉक्टरीणबाईंनी कागदी रुमालाचा खोका मध्ये सरकवला. मग मला माझं भाषण आठवलं. मी डोळे टिपले, एक पाऊल पुढे झाले, श्वास घेतला.

पण डॉक्टरीणबाई हसत बोलून गेल्या, "खरं सांगू, मला तुमच्याकडच्या लाइटची काळजी होती. एकही दिवस चुकवला नाहीत ना?"

"नाही," मी म्हणाले. आवाज नम्र. "शुक्रवारी तो माझ्याकडे असायचा. आमचा इन्व्हर्टर आहे."

"अरे वा! मग त्या शुक्रवारांनीच तारलं म्हणायचं. मध्ये खंड पडला असता तर पंचाईत होती." आणि त्यांनी चक्क माझ्याकडे बघून मान लववली.

मी नजर खाली केली. अगदी तालमीत ठरलं होतं तशी, फक्त वेगळ्या वाक्यावर. मी तिरक्या डोळ्याने बघितलं. माझ्या त्या शांत, समंजस, कधीही हक्क न सांगणाऱ्या ताईंचे कान लाल झाले होते. त्यांनी रुमालाचा बोळा टेबलावर आपटला, पडद्यावरच्या त्या पांढऱ्या सायीवर आपलं बोट रोवलं, आणि बाहेर कुत्री-मांजरं घेऊन बसलेल्या लोकांनासुद्धा ऐकू जाईल अशा आवाजात ओरडल्या, "शुक्रवारचं कसलं कौतुक सांगता हो, शुक्रवारी ही माझाच गाऊन घालून बसायची! माझा बोका आहे हा, माझा!"